रंग काढू नकोस, त्याच्यावरच मार

प्रश्न थोडक्यात असा होता: आठ-नऊ हजारांची काळी स्ट्रॅट कॉपी (फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर या इलेक्ट्रिक गिटारची नक्कल), सहा वर्षं वापरलेली, कडांना टवके उडालेत, ती पुण्यात घरच्या बाल्कनीत घासून लाकूड दिसेल अशी नॅचरल करायचीय, नाहीच जमलं तर मेटॅलिक निळी, जमल्यास पिकअप (तारांचा आवाज पकडणारी चुंबकं) पण बदलायचेत, आणि हार्डवेअरच्या दुकानातनं पेंट रिमूव्हर आणून दोनदा लावला तरी रंग ढिम्म हलला नाही, तर आता काय करू. सेकंड इयरला आहेस म्हणतोस म्हणून सरळ अरे-तुरे करतो.

रिमूव्हरनं काही झालं नाही ते बरंच झालं. तुझ्या गिटारवर जो थर आहे तो आपण दाराला-खिडकीला मारतो तसला रंग नाहीये, ते पॉलिएस्टर आहे, केमिकलनं कडक केलेलं प्लास्टिकच म्हण, अर्धा मिलीमीटर जाड, कधीकधी त्याहून जास्त. दुकानातला रिमूव्हर ऑइल पेंट फुगवतो, एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर विरघळवतो, याच्यापुढे त्याचं काही चालत नाही. आता पहिलं काम एवढंच कर की तो रिमूव्हर पूर्ण पुसून काढ, आधी थिनरच्या फडक्यानं, मग साबणाच्या ओल्या फडक्यानं, कारण त्यात मेण असतं आणि ते राहिलं तर नंतरचा रंग तिथे धरत नाही, गोल गोल डोळे पडतात.

हीट गननं हा थर निघतो, व्हिडिओ बघितले असशीलच, पापुद्रा फुगवून पट्टीनं सोलत जातात, बघायला जाम मजा येते. मी पण माझी पहिली गिटार तशीच सोलली होती, बारा-तेरा वर्षं झाली. मागची बाजू अर्धी झाली आणि पट्टीबरोबर रंगाखालचं अजून काहीतरी वर यायला लागलं, मला वाटलं सीलर असेल, जोर लावला तर ते व्हिनियर निघालं, कागदासारखं पातळ लाकूड, लांबच्या लांब ढलपी हातात. त्याच्याखाली बघतो तर बॉडी पाच तुकडे चिकटवून केलेली, एक पिवळट, एक हिरवट, एकात गाठ, आणि दोन तुकड्यांच्या मधे फट होती तिथे लांबी, म्हणजे पुट्टी भरलेली. शिवाय घरभर जळक्या प्लास्टिकचा असा वास की आई दोन दिवस बोलली नाही. काळ्या रंगाच्या स्वस्त गिटारीखाली दाखवण्यासारखं लाकूड सहसा नसतंच रे, असतं तर कंपनीनंच दाखवलं नसतं का?

म्हणून माझं सरळ मत, तो थर काढूच नकोस. फॅक्टरीनं लाकूड इतकं पक्कं सील करून दिलंय की तू घरी महिनाभर खपलास तरी तसं जमणार नाही, त्याला फक्त खरखरीत कर आणि वरून रंग मार. ही काही चलाखी नाहीये, साठच्या दशकात खुद्द फेंडरच्या फॅक्टरीत आधी सनबर्स्ट (मधे पिवळसर, कडेला गडद) केलेल्या बॉड्यांवर वरून कस्टम कलर मारून पाठवलेत, आज त्या जुन्या गिटारींचे टवके उडाले की खालून सनबर्स्ट डोकावतो आणि लोक त्याला लाखो मोजतात.

जाता जाता एक गंमत सांगतो. आपल्याकडचे फर्निचरचे पेंटर 'ड्यूको मारून देतो' म्हणतात ना, ते ड्यूको म्हणजे अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीचं एनसी पेंटचं नाव, 1920 च्या दशकात मोटारींसाठी आलेलं, आणि फेंडरचे कस्टम कलर याच ड्यूपाँटच्या गाड्यांच्या रंगांतले. फिएस्टा रेड हा 1956 च्या फोर्ड थंडरबर्डचा, लेक प्लॅसिड ब्लू म्हणजे तुला हवाय तसला मेटॅलिक निळा, तो कॅडिलॅकचा. गिऱ्हाईकानं असा रंग मागितला की किमतीवर 5 टक्के जास्त लावायचे. म्हणजे गिटारला गाडीचा रंग मारणं यात काही कमीपणा नाही, पहिल्यापासून तेच चालत आलंय.

तरी नॅचरलचं डोक्यातनं जातच नसेल तर ही गिटार सोड आणि नुसती रंग न मारलेली बॉडी घे, तिच्यावर लाखेचं पॉलिश कर. मिरजेला सतारमेकर गल्लीत तंबोऱ्यावर हे काम चाललेलं मी तासभर उभं राहून बघितलंय, स्पिरिटमधे विरघळवलेली लाख, कापडात कापूस गुंडाळून केलेली पोटली, आणि हात एकसारखा गोल फिरतोय, थांबतच नाही, कारण मधे थांबला की पोटली चिकटली. दिसतं अप्रतिम. पण लाखेला घाम आणि स्पिरिट दोन्ही चालत नाहीत, तंबोरा मांडीवर शांत बसतो, तुझी गिटार मे महिन्यात कॉलेजच्या गॅदरिंगला घामेजल्या हाताखाली असणार, हे लक्षात ठेव. तेलाचं फिनिश केलंस, जवसाचं वगैरे, तर तेलाची फडकी बोळा करून टाकू नकोस, आपोआप पेट घेतात, खरंच घेतात, दोरीवर पसरून वाळव आणि मग फेक.

आता तुझ्या निळ्याकडे.

खोलायच्या आधी मोबाइलवर फोटो काढ, वायरिंगचे जवळून, स्क्रूचे पण. नेक काढ, पिकगार्ड, जॅक, ब्रिज, मागच्या स्प्रिंगा, सगळं. स्प्रिंगांच्या पट्टीला एक वायर सोल्डर केलेली असेल, ती तारांची अर्थिंग आहे, ती ओढून तोडू नकोस, सोल्डरिंग आयर्न लावून सोडव. स्क्रू वेगवेगळ्या पाकिटात नाव लिहून. मी एकदा सगळे एका वाटीत ठेवले होते, पिकगार्डचा छोटा स्क्रू आणि ट्यूनरचा छोटा स्क्रू दिसायला जवळपास सारखे, पण जवळपासच.

नेक जिथे बसतो तो खळगा मास्किंग टेपनं पूर्ण झाक. तिथे रंगाचे चार थर चढले की नेक आत जात नाही, जोर केला की कडेचा रंग तडकतो, आणि बसला तरी थोडा वर बसतो मग तारा उंच, मग ब्रिज खाली घे, असं ते लांबतच जातं. त्याच खळग्यात नेकच्याच स्क्रूंनी एक लाकडी पट्टी बसव, दीड-दोन फुटांची, बॉडी धरायला, फिरवायला, टांगायला हँडल झालं.

टवके भरायला वेगळं काही शोधू नकोस, गाडीवाल्यांची हार्डनर घालायची लांबी पण पॉलिएस्टरच असते, खालच्या थराशी गोत्र जुळतं. हार्डनर चण्याच्या डाळीएवढाच, जास्त घातलास तर पट्टीवरच दगड होतो. वाळली की 180 नंबरच्या पेपरनं सपाट कर, मग पूर्ण बॉडीवर 320 आणि शेवटी 400 चा वॉटर पेपर. कुठेही चकाकी राहता कामा नये, उजेडाकडे तिरकी धरून बघ, शिंगांच्या आतल्या वळणात नेहमी राहते, तिथे पेपर बोटाला गुंडाळून घास. लाकूड उघडं पडलं तर घाबरू नकोस, तेवढ्यावर सँडिंग सीलर मार. हे काम दोन संध्याकाळींचं आहे आणि कंटाळवाणं आहे, पण रंग किती चांगला दिसणार ते इथेच ठरतं, वरचा रंग खालचं काहीच लपवत नाही, उलट मेटॅलिक तर प्रत्येक ओरखडा उठून दाखवतो.

सामान रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं मिळेल. फक्त दुकानदार देईल ते घेऊ नकोस, डब्यावर वाच. सिंथेटिक एनॅमल म्हणजे ऑइल पेंट, त्याच्यावर नंतर एनसी लॅकर मारलंस तर एनसीचा थिनर खालचा रंग खातो आणि पाच मिनिटांत दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या. एकच घराणं धर. स्प्रेचा डबा घेणार असशील तर ॲक्रिलिक घे, बाइकच्या टच-अपचे मिळतात, त्यात मेटॅलिक निळे भरपूर आहेत. प्रायमरचा एक, रंगाचे दोन, क्लिअरचे तीन डबे धर, रंगाचे दोन्ही डबे एकाच वेळी आणि एकाच बॅचचे घे. आणि आधी टाकाऊ फळीवर पूर्ण क्रम मारून बघ, प्रायमर, रंग, क्लिअर. भांडणं झालीच तर फळीवर होऊ दे.

मास्कबद्दल एकदाच सांगतो. कापडी मास्क, कोविडचा एन-95, हे धुळीला, थिनरच्या वाफेला नाही. वाफेसाठी दोन काळ्या-पांढऱ्या डब्या लावलेला कार्ट्रिजवाला मास्क मिळतो, तो घे. टू-के पीयू म्हणजे हार्डनरवाला क्लिअर असेल तर त्यात आयसोसायनेट असतात, दमा कायमचा मागे लागू शकतो, ते घरात मारूच नकोस. आणि बाल्कनी किचनला लागून असेल तर गॅस बंद, देवघरातली समई पण.

पावसाळ्याच्या सुट्टीत करू म्हणतोस, तिथेच गाडं अडणार. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवा दमट असली की त्यावर बाफ धरते, आणि ते पाणी रंगात अडकतं, मग क्लिअर दुधाळ पांढरा पडतो. मी एका मित्राची चेरी रंगाची गिटार जुलैत केली होती, मारताना आरशासारखी दिसत होती, चहा पिऊन आलो तर ताक सांडल्यासारखी. थोडं असेल तर कोरड्या दिवशी रिटार्डर (हळू उडणाऱ्या) थिनरचा हलका हात मारला की निघतं, माझं निघालं नाही, परत 400 पासून सुरू. तर आत्ता जुलै-ऑगस्टमधे घासायचं, लांबी भरायचं, वायरिंगचं काम उरकून घे आणि रंग दिवाळीनंतर मार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पुण्याची हवा यासाठी मस्त असते, सकाळी अकरानंतर, दव गेल्यावर. कोकणात किंवा गोव्यात कोणी हे वाचत असेल तर त्यांनी अजूनच दिवस बघून करावं.

मारताना डबा कोमट पाण्यात पाच मिनिटं ठेव, उकळत्या पाण्यात नाही आणि गॅसवर तर नाहीच, फवारा बारीक येतो. वीतभर किंवा थोडं जास्त अंतर, हात बॉडीच्या बाहेर सुरू होऊन बाहेरच संपला पाहिजे, मधे बटण दाबलंस की तिथे ठिपका. आधी कडा मार, मग सपाट बाजू. पहिला हात इतका हलका की खालचा प्रायमर दिसलाच पाहिजे, सगळे इथेच फसतात, पहिल्याच हातात निळं करायला जातात आणि मग ओघळ. दहा-पंधरा मिनिटं थांब, दुसरा, परत थांब, तिसरा. ओघळ आलाच तर बोट लावू नकोस, मला माहितीये हात शिवशिवतो, पण नाही. उद्या कडक झाल्यावर 600 नं तेवढाच घासून टाक. मेटॅलिकला शेवटचा हात जरा लांबून, नुसतं धुकं टाकल्यासारखा, म्हणजे चंदेरी कण एकसारखे बसतात, आणि मग रंगाला पेपर लावायचा नाही, कण कापले जाऊन डाग दिसतात, सरळ क्लिअर.

क्लिअरसाठी माझा आवडता उपाय वेगळाच आहे. बाइकच्या टाक्या रंगवणारा डेंटिंग-पेंटिंगवाला प्रत्येक पेठेत असतो. सगळं घरी करून बॉडी त्याच्याकडे ने, टाकीबरोबर हिच्यावर पण टू-केचे दोन हात मार म्हण. त्याच्याकडे कंप्रेसर आहे, गन आहे, रोजचा हात आहे, पाच-सातशे घेईल, आणि तो क्लिअर तुझ्या डब्याच्या क्लिअरपेक्षा कितीतरी टणक. फक्त त्याला दोनदा सांग की पेपर मारू नको आणि टेप काढू नको. तुझा रंग कुठल्या घराण्यातला ते पण सांग, आणि ती प्रयोगाची फळी बरोबर ने, आधी तिच्यावर मारायला लाव.

स्वतःच करणार असशील तर ॲक्रिलिक किंवा एनसीचे सात-आठ हात लागतात, दिवसाला तीन-चारच, आणि मग सगळ्यात अवघड काम, काहीच करायचं नाही. तीन-चार आठवडे. वरून दोन तासांत वाळल्यासारखं वाटतं पण आतला थिनर हळूहळू बाहेर येत असतो. मी नाक लावून बघतो, थिनरचा वास येतोय तोवर हात लावायचा नाही, आणि मग खळग्याच्या कडेला, नेकखाली झाकलं जाईल अशा जागी नख दाबून बघतो, खूण उमटली की अजून एक आठवडा. या काळात ती काळ्या रबराच्या गिटार स्टँडवर ठेवू नकोस, एनसीला तर पुढे कधीच नको, रबरातलं काहीतरी एनसीला मऊ करतं आणि स्टँडचा ठसा कायमचा उठतो. वायरला टांग.

मग पाण्यानं घासायचं. त्याच्या आधी एक गोष्ट जी कुठल्याच व्हिडिओत मी नीट सांगितलेली बघितली नाही: सगळ्या स्क्रूच्या भोकांत मेणबत्तीचं मेण भर. पाणी भोकातनं लाकडात गेलं की लाकूड फुगतं आणि भोकाभोवती रंग चांदणीसारखा तडकतो, इतकी मेहनत करून शेवटच्या दिवशी. पेपर आधी तासभर पाण्यात भिजवून ठेव, पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब, पेपरमागे मोठं खोडरबर धर. 1000 नं सुरू कर. चार-पाच फेऱ्या मारल्या की पुसून तिरकं बघ, बहुतेक भाग दुधाळ मॅट झालेला असेल आणि मधे मधे बारीक चमकणारे ठिपके, संत्र्याच्या सालीवर असतात तसे. ते ठिपके म्हणजे खड्डे. सगळे ठिपके गेले की थांब, त्यापुढे एक फेरी पण नको. कडांवर 1000 न्यायचाच नाही, कडेला क्लिअर सगळ्यात पातळ असतो, तिथे थेट 2000 चा नुसता हात फिरव. पाणी निळं दिसायला लागलं तर क्लिअर संपून रंगाला लागलास, थांब आणि शिव्या दे. मग 1500, 2000, आणि गाडीचं रबिंग कंपाउंड, सुती बनियनच्या तुकड्यानं. ड्रिलला पॅड लावायचा मोह आवर, एका जागी दोन सेकंद जास्त राहिला की जळतो.

आणि इतकं गुळगुळीत नाही झालं तर काय बिघडलं? जॉर्ज हॅरिसननं 1967 मधे आपली निळी स्ट्रॅट स्वतः फ्लोरोसंट रंगांनी रंगवली, वर बायकोचं नेलपॉलिश. एडी व्हॅन हेलनची ती जगप्रसिद्ध पट्ट्यापट्ट्यांची गिटार म्हणजे मास्किंग टेप आणि सायकलचा रंग. रंगानं आवाज बदलतो म्हणणारे पण भेटतील, त्यांच्याशी वाद घालू नकोस, सॉलिड बॉडीत पिकअप, तारा आणि सेटिंग यांच्यापुढे रंगाचा फरक माझ्या कानाला तरी कधी सापडला नाही.

नेकला रंग नको. मागची चकाकी हाताला चिकटत असेल तर राखाडी स्कॉच-ब्राइटनं लांबीच्या दिशेनं घास, मस्त मॅट होते. स्टील वूल वापरलंस तर पिकअपच्या आसपास पण नको, लोखंडाचा भुगा चुंबकाला जाऊन बसतो आणि निघता निघत नाही. कॉपीवर मोठ्या कंपनीचं स्टिकर लावू नकोस एवढी एक विनंती.

पिकअप. सिंगल कॉइल (एका गुंडाळीचे) घेणार असशील तर पॉट, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालचा भाग, 250 के (किलोओहम), हंबकर (दोन गुंडाळ्यांचा) असेल तर 500 के, उलट केलंस तर सिंगल कॉइल कर्कश आणि हंबकर गुदमरल्यासारखा वाजतो. स्वस्त गिटारींत छोटे 16 मिलीमीटरचे पॉट असतात, चांगले अमेरिकन पॉट 24 चे, त्यांची मान पण जाड, म्हणजे पिकगार्डचं भोक साडेनऊ मिलीमीटरपर्यंत वाढवावं लागतं, जुने नॉब बसतीलच असं नाही, आणि बॉडीतला खळगा उथळ असला तर स्विच खाली टेकतो. म्हणून आधी मोजायचं, मग ऑर्डर. पॉट, वायर, सोल्डर तपकीर गल्लीत मिळतं. रंग वाळतोय तेवढ्या वेळात खळग्यात कॉपर टेप लावून घे, तुकडे एकमेकांवर चढवून, आणि मल्टिमीटर बीप मोडवर ठेवून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाजतंय ना बघ. गुणगुण बरीच कमी होईल, पूर्ण जाणार नाही, सिंगल कॉइलची ती जातच आहे. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होत असेल तर अर्थिंगची वायर बरोबर जोडलीयस. तरी पण खूप येत असेल तर घरच्या सॉकेटची तिसरी पिन खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून बघून घे, जुन्या वाड्यांत आणि हॉस्टेलवर ती बऱ्याचदा नुसती शोभेला असते.

आत्ता पाऊस चालू आहे तोवर पिकगार्ड उघडून पॉटचा व्यास, खळग्याची खोली आणि ब्रिजवर पहिल्या तारेपासून सहाव्या तारेपर्यंतचं अंतर, हे तीन आकडे मिलीमीटरमधे मोजून टाक इथे, कुठले पिकअप बसतील ते त्यावरून सांगतो.